गैरहजेरीची वही

आर्गिरोची आई जिन्यात भेटली तेव्हा माझ्या एका हातात कॉफीचा कागदी पेला होता, दुसऱ्या हातात रंगीत कागदांची पिशवी, आणि दुसरा तास सुरू व्हायला तीन मिनिटं होती. आधी मी तिला ओळखलंच नाही. ती वृद्धाश्रमात काम करते. तिथला निळा अंगरखा कोटाखाली तसाच होता. मी शाळेतर्फे पाठवलेलं पत्र तिने चार घड्या करून मुठीत धरलं होतं. ते उलगडून तिने माझ्यासमोर धरलं. "बाई, गेल्या सोमवारी दोन तास, मंगळवारी चार. वर्षाचे एकशेआठ. मला एवढंच सांगा, माझी पोरगी शाळेत नसते तेव्हा असते कुठे?" पंचवीस वर्षं मी हीच नोकरी केली आहे, पालकांना काय सांगायचं ते मला झोपेतही येतं. मी नियम सांगितला: एकशेचौदा तास भरले की वर्ष गेलं, नववी पुन्हा. "नियम पाठ झालाय मला," ती म्हणाली. "ती म्हणते, मी वर्गातच होते. आणि या कागदावर तुमची सही आहे, शिक्का आहे. मी कुणाचं खरं धरू? दोन ठेवून दिल्या तिला. बापाने स्टुटगार्टहून फोनवर झाडलं ते वेगळंच. तरी एकच धोशा, मी होते, मी होते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बरं, नव्हते." ती पत्राकडेच बघत होती. "म्हणजे खोटंच बोलत होती ना, बाई?" घंटा झाली. मी म्हटलं, "हो, या वयात बोलतात," आणि वर गेले. घाईत माणूस काय वाटेल ते बोलून जातो.

तो तास दुसऱ्या तुकडीवर होता. विषय तोच, जो गेल्या मंगळवारी मी माझ्या स्वतःच्या वर्गात घेतला होता: एखाद्या मुलाला बाकीची मुलं छळत असतील तर ते ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर करायचं काय. सहा मार्चला देशभर या गोष्टीचा दिवस पाळतात, त्यामुळे फेब्रुवारी संपत आला की आमच्या सगळ्या शाळांना एकदम कणव येते. पुस्तिका वरून येते. खुणा मी फळ्यावर लिहीत होते: मूल एकटं बसतं, पोट दुखतं म्हणतं, मार्क घसरतात, विनाकारण गैरहजर राहू लागतं. इथे खडू थांबला. खिडकीबाहेर कोझानी शहरावरचं धुकं इतकं दाट होतं की वीजकेंद्राच्या चिमण्या आहेत की पाडल्या हे सांगता आलं नसतं. मंगळवारी आर्गिरो वर्गात होती का? मी आठवायला लागले. तिची जागा मला माहीत होती, खिडकीकडून दुसरा बाक, हीटरजवळ. तो बाक डोळ्यांसमोर आला, त्यावर कुणीतरी कंपासने कोरलेलं होडीचं चित्र आलं, हीटरवर वाळत ठेवलेले कुणाचे तरी हातमोजे आले. आर्गिरो आली नाही. पण बाक रिकामाही दिसेना. तिथे ती बसलेली मला दिसत नव्हती, आणि तिथे कुणी नव्हतं असंही मी शपथेवर सांगू शकले नसते. मला भीती वाटली. मागे कुणीतरी हसलं. मी पुढची खूण लिहिली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी आमच्या वर्गाची वही काढली. आमच्याकडे जिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क, तिच्याकडे गैरहजेरीची वही. हा मान असतो; वडील चारचौघांत सांगतात, आजी शेजारणीला सांगते. दर तासाला ती वर्गात नसलेल्यांची नावं लिहिते आणि तास घेणाऱ्याने खाली सही करायची. आम्ही सही करतो. हुशार मुलगी लिहिते आहे म्हटल्यावर डोकी कोण मोजतो? यंदा वही मिर्सिनीकडे होती. तिचं अक्षर असं की छापखान्याने शिकावं. मी पानं उलटत गेले आणि मला एक गोष्ट दिसली, जी मी दर शुक्रवारी हेच आकडे संगणकात भरताना एकदाही पाहिली नव्हती. आर्गिरो गणिताच्या तासाला कधीच गैरहजर नव्हती. गणिताचे सर म्हातारे आणि खवचट, रोज नाव घेऊन तोंड बघतात. व्यायामाच्या तासालाही नाही, तिथे रांग लावतात. ती गैरहजर असायची फ्रेंचच्या तासाला, धर्माच्या तासाला आणि माझ्या तासाला. एकशेआठातले एकेचाळीस माझे होते. एकेचाळीस सह्या, सगळ्या डौलदार. मंगळवारचं पान काढलं. दुसरा तास, गैरहजर एक. मग मला रंगीत कागदांची पिशवी आठवली. त्या तासाला मी मुलांना चिठ्ठ्या लिहायला लावल्या होत्या, नाव न घालता: वर्गात कुणाला त्रास होताना पाहिलात का? त्या मी अजून वाचल्याही नव्हत्या. वर्गात मुलं चोवीस. त्या दिवशीच्या हिशेबाने चिठ्ठ्या तेवीस हव्यात. मी मोजल्या. चोवीस भरल्या. पुन्हा मोजल्या. तेवीस चिठ्ठ्यांवर एकच वाक्य होतं, शब्दाला शब्द: आमच्या वर्गात असं काही होत नाही. एकावर काहीच नव्हतं. ती आठ घड्या घालून नखाएवढी केलेली होती.

जानेवारीत मी तिला व्हरांड्यात एकदा विचारलंही होतं, "काय गं, असतेस कुठे तू हल्ली?" ती म्हणाली होती, "इथेच." मला ते उद्धट वाटलं. घरी जेवताना मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा, आजकालची पोरं कशी तोंड वर करून बोलतात ते. आता कुणाच्या तोंडाकडे बघावं कळेना. शेजारी फ्रेंचच्या बाई चीजच्या खारीचा पापुद्रा सोलत होत्या. "काय झालं स्तामातिया? चेहरा असा का?" काही नाही म्हटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं होतं ते. कारण मला मिर्सिनीचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता. मी तिच्या वयाची होते, आमच्या गावच्या शाळेत, तेव्हा तीन वर्षं वही माझ्याकडे होती. त्या वहीचं वजन हातात कसं लागतं ते मला माहीत आहे. तिच्यामुळे माझ्याशी सगळे नीट बोलायचे. दांडी मारणारी मुलं सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या आणून द्यायची, मोठी मोठी मुलं "स्तामातिया, एवढा तास सोड ना" म्हणून मागे फिरायची. मी कुरूप होते, चष्मा होता, बूट भावाचे होते. त्या बुटांना माझ्या वर्गातली झिसूला नावाची मुलगी हसली. फार नाही, एकदाच, आणि मग ती विसरलीही असेल. मी तिला एका गुरुवारी दोन तास गैरहजर लिहिलं. ती माझ्या पुढच्याच बाकावर बसली होती. तिच्या वेणीचा वास येत होता मला लिहिताना, धुराचा आणि ऑलिव्हच्या साबणाचा. सरांनी न बघता सही केली. सही होताना मला जे वाटलं त्याला मी इतकी वर्षं भीती म्हणत आले आहे. ती भीती नव्हती. मला बरं वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात झिसूला आली ती कान सुजलेला घेऊन. पंधरा वर्षांची पोर दोन तास कुठे होती याचं तिच्या बापाने त्याच्या परीने उत्तर काढलं होतं. ईस्टरनंतर ती आलीच नाही. तिला शिवणाच्या कारखान्यात घातलं. मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, चर्चमध्ये पाद्र्यालाही नाही. सांगितलं काय, न सांगितलं काय, झिसूलाची नववी काही परत येणार नव्हती.

शाळा सुटताना मी मिर्सिनीला नकाशांच्या खोलीत बोलावलं. ती आली, वही छातीशी धरून, केस नीट बांधलेले. शुक्रवारच्या कार्यक्रमात जिल्हा कार्यालयाच्या साहेबांसमोर "गप्प बसू नका" या विषयावर निबंध वाचायला आम्ही तिचीच निवड केली होती. मी विचारलं, "मंगळवारी दुसऱ्या तासाला आर्गिरो वर्गात होती का?"

"वहीत आहे ना, बाई."

"वहीचं नाही विचारत. तू पाहिलंस का तिला?"

"मी दर तासाला वर्गाला विचारते, आर्गिरो आहे का. सगळे म्हणतात नाही. मग मी लिहिते. माझ्या मनाचं मी काहीच लिहीत नाही." तिचा आवाज जराही हलला नाही. "आणि तुम्ही सही करता."

"मिर्सिनी, ही चेष्टा आहे का?"

"होती. आधी." मदतच करायला बघत होती ती मला. "तुम्हाला आठवत नाही? बाई, सुरुवात तुमच्याच तासाला झाली."

आणि मला आठवलं. सप्टेंबरचा पहिला आठवडा, मी नावं घेत होते आणि आर्गिरोचा "हजर" ऐकूच येत नव्हता. तिचा आवाज जन्मजात बारीक. मी म्हटलं, "आर्गिरो, स्वतः आलीस की सावली पाठवलीस?" वर्ग हसला. मी विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. मुलं माझ्यावर जीव टाकतात ती त्याचसाठी. वर्ग हसला की खांदे हलके होतात, घरची कटकट विसरायला होते. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी बोलले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, ती आलीच नाहीये आज," आणि मी तिच्याकडे बघून, हो, चांगली तिच्याकडे बघून, म्हटलं, "असं? मग लिही गं मिर्सिनी, गैरहजर." सगळे पोट धरून हसले. आर्गिरोही हसली. हसली असंच मला वाटलं होतं. मिर्सिनीने विचारलं होतं, "खरंच लिहू?" आणि मी, हसू आवरत, सही केली होती. एकशेआठातला पहिला तास तो. मिर्सिनी माझ्याकडे बघत होती, परीक्षेत बरोबर उत्तर दिल्यावर बघतात तशी. "मी जाऊ, बाई? पाच वाजता इंग्रजीचा क्लास आहे." मी जा म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मुख्याध्यापक लझारोस वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरच्या मुलांच्या भित्तिपत्रकांची चळत नीट लावली. शुक्रवारी बक्षीस मिळायचं होतं त्या चित्रांना. मग म्हणाले, "स्तामातियाबाई, तुम्ही म्हणता तसंच असेल. पण चोवीस मुलं म्हणतायत नाही, आणि एकटी ती म्हणतेय होते. आता तर तीही नव्हते म्हणाली आईला. आणि सह्या कुणाच्या? तुमच्या, फ्रेंचच्या बाईंच्या, धर्म शिकवणाऱ्या पाद्रीबुवांच्या. चौकशी लागेल. तुमची निवृत्ती किती वर्षांवर आली?" मी सांगितलं, सहा. "मग? एकशेचौदाला अजून सहा बाकी आहेत. उद्यापासून डोळ्यांत तेल घालून बसा, एकही लागू देऊ नका. फार तर सात-आठ तास आपण दुरुस्त करू, लिहिताना चूक झाली म्हणून. पोरीचं वर्ष वाचलं, शाळेचं नाव वाचलं, तुमचंही. तेवीस मुलांना उभं करून खोटारडे म्हणालात तर त्या पोरीचे उरलेले चार महिने कसे जातील, विचार केलात?" हे त्यांनी इतक्या काळजीने म्हटलं की मी त्यांचे आभार मानले. घरी जाताना बेकरीत थांबले, पाव घेतला, नेहमीचाच. रात्री अंथरुणात मात्र मला एकाच गोष्टीने झोप लागू दिली नाही. ते चोवीस म्हणाले होते. वर्गात मुलंच चोवीस. सगळी चोवीस नाही म्हणतात, म्हणजे त्यांनी आर्गिरोलाही तिच्या विरुद्धच्या रांगेत उभं केलं होतं, आणि मला ते ऐकताना खटकलं नव्हतं.

सकाळी उठले तेव्हा माझं ठरलं होतं. तिच्या आईला सांगायचं, वर्गासमोर सांगायचं, मग चौकशी लागो नाहीतर काही लागो. ठरलं म्हणजे तरी काय, ठरलं असं मी आरशात बघून मोठ्याने म्हटलं. गुरुवारी माझा पहिला तास म्हणजे शाळेचा तिसरा, माझ्याच वर्गावर. मी आत गेले, मुलं उठली, बसली. मी सरळ खिडकीकडच्या दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. रिकामा. हीटरवर हातमोजे नव्हते. "आर्गिरो कुठेय?" मी विचारलं.

"नाही, बाई," पुढून कुणीतरी म्हणालं.

"आज आलीच नाही?"

"नाही, बाई." या वेळी तीन-चार आवाज, शांत, जणू मी पाऊस आहे का विचारलं होतं. मिर्सिनीने पेन उचललं.

पुस्तिकेतली शेवटची ओळ मला पाठ होती, मूल जिवाचं बरंवाईट करून घेऊ शकतं, ती जी मी कुठल्याच तुकडीला वाचून दाखवली नव्हती. मी वर्गातून निघाले ती जवळजवळ पळतच. ऑफिसातून तिच्या आईला फोन लावला. "पावणेआठला निघाली," ती म्हणाली, "मी स्वतः खिडकीतून पाहिली. काय झालं बाई? बाई, काय झालं?" मी म्हटलं, वर्गात नाही. पलीकडे काहीतरी धातूचं खाली पडलं आणि फोन बंद झाला. लझारोस सर शिपायाला घेऊन स्वच्छतागृहं बघायला गेले, मग तळघर, मग मागचा कुंपणाचा रस्ता, जिथे गरम पाण्याचे नळ जमिनीवरून जातात आणि मुलं लपून सिगारेटी ओढतात. पोलिसांना फोन करायला मी रिसीव्हर उचलला आणि पहिला प्रश्न काय येईल ते मला आधीच ऐकू आलं: शेवटची केव्हा दिसली? मी वही उघडली. पहिला तास, गैरहजर. दुसरा तास, गैरहजर. खाली सह्या. ती आठला आली होती का, नऊला गेली का, काल आली होती का, परवा? या शाळेत तिच्यासाठी साडेपाच महिने ठेवलेल्या त्या वहीत एक अक्षर खरं नव्हतं, आणि ते वाचून तिला शोधायला निघालेली मीच होते. मी रिसीव्हर ठेवला. दुसरं काहीच सुचलं नाही म्हणून वर्गात परत गेले, की निदान एखाद्याला दंडाला धरून विचारावं, आज सकाळी फाटकात ती दिसली का.

मी टेबलाजवळ उभी राहिले आणि का कोण जाणे, बोट करून डोकी मोजायला लागले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. खिडकीची रांग, मधली रांग, दाराची रांग. चोवीस. मी थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि या वेळी नुसती डोकी नाही, तोंडं बघत गेले. दाराच्या रांगेत सगळ्यांत मागे, जिथे कोट टांगतात, त्या कोटांच्या खाली एक बाक ओढलेला होता. त्यावर आर्गिरो बसली होती. जाकीट अंगात, टोपी डोक्यावर, वही उघडी, त्यात आजची तारीख घातलेली. पुढे दोन उंच मुलं होती, हे खरं. पण मी आत आले तेव्हा ती उठून उभी राहिली असणार, कारण सगळेच उठले होते. मी तिच्याबद्दल विचारलं तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. मी बाकाकडे पाहिलं, वर्गाला विचारलं, वर्गाने सांगितलं, आणि मी धावत सुटले. सगळं माहीत असून. मिर्सिनीला लिहिताना निदान ठाऊक असायचं, की ती तिथेच आहे. मी तोंडाकडे न बघताच तिला पुसून टाकलं होतं.

"तू बोलली का नाहीस?" माझ्या तोंडून गेलं. तिने पेनाला टोपण लावलं. प्रश्नच इतका निर्लज्ज होता.

दार ढकलून तिची आई आत आली. चपला वृद्धाश्रमातल्याच, त्यांना चिखल लागलेला, श्वास मावत नव्हता. तिच्यामागे लझारोस सर, हाताने मला काहीतरी खुणावत, बहुतेक बाहेर या म्हणून. मी गेले नाही. मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ती इथेच होती. गेल्या मंगळवारीही होती, सोमवारीही होती. तिने तुम्हाला खोटं सांगितलं नव्हतं. मी न बघता सही केली. आणि हा खेळ मी सुरू केला." आईने लेकीकडे पाहिलं. तिचा उजवा हात जरा वर आला आणि तिने तो दुसऱ्या हाताने धरून खाली घेतला. मी वर्गाकडे वळले. "मंगळवारी आर्गिरोला ज्यांनी वर्गात पाहिलं, त्यांनी उभं राहा." कुणी हललं नाही. मी मिर्सिनीकडे पाहिलं. ती वहीच्या समासात रेघ आखत होती, पट्टी लावून. मी पुन्हा म्हटलं. हीटरमध्ये पाणी खळखळत होतं. पुढच्या बाकावरच्या एका मुलाचे कान लाल झाले, त्याने बाकाच्या कडेला हात टेकला, शेजाऱ्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याने हात काढून घेतला.

मागे बाक सरकल्याचा आवाज आला. आर्गिरो उभी राहिली होती. तिने टोपी काढली. आवाज नेहमीसारखाच बारीक, पण त्या शांततेत तो शेवटच्या बाकापासून फळ्यापर्यंत नीट आला.

"बाई, त्यांना राहू द्या. पत्रात एकशेआठ होते, या आठवड्यात तीन झाले." ती माझ्याशी समजुतीने बोलत होती, मोठी माणसं बोलतात तशी. "आता तीनच उरलेत. तेवढे झाले की मी पुढच्या वर्षी नववीतच, दुसऱ्या मुलांबरोबर बसेन. तुम्ही खोडू नका."